विमान कोसळलं, पुढे काय होतं? अपघाताची खबर, चौकशी आणि अहवाल यांची सविस्तर माहिती

नेहरू नगर (भोपाळ) : विमान कोसळल्याची बातमी आली की पहिल्या तासाभरात मोबाइलवर तीन प्रकारचे मेसेज फिरू लागतात. एकात व्हिडिओ असतो, दुसऱ्यात मृतांचा आकडा आणि तिसऱ्यात 'चूक कोणाची' याचा थेट निकाल. खरी चौकशी त्यानंतर सुरू होते, महिनोन्‌महिने चालते आणि तिचा अहवाल येतो तेव्हा बहुतेकांचं लक्ष दुसरीकडे गेलेलं असतं.

भोपाळच्या नेहरू नगर, कोटरा भागातल्या मराठी घरांना हा विषय लांबचा नाही. बड्या तलावाच्या पलीकडे राजा भोज विमानतळ आहे आणि मुंबई-पुण्याकडे विमानानं ये-जा करणारी मंडळी आता घरोघरी आहेत. २७ मार्च २०२१ रोजी भोपाळहून गुन्याकडे निघालेलं छोटं प्रशिक्षण विमान शहराबाहेर गांधी नगर भागातल्या शेतात कोसळलं. आतले तिघेही वाचले. गोंदियाच्या बिरसी धावपट्टीवरून आणि बेळगावच्या सांबऱ्याहूनही प्रशिक्षणाची विमानं रोज उडतात. म्हणजे सीमाभागात विमान पाहणारा माणूस प्रवासी असेल असं नाही. तो शेतकरी, तेंदूपत्ता तोडणारा मजूर किंवा पोलिस पाटीलही असू शकतो. अपघात झाला तर तोच सगळ्यात आधी तिथे पोहोचतो.

म्हणून ही माहिती एका ठिकाणी देत आहोत : खबर कोणी, कोणाला द्यायची, गावकऱ्यांनी काय करायचं, चौकशी कोण करतं, अहवाल कधी येतो, तो कसा वाचायचा, आणि कुटुंबाला कोणत्या दाराशी जावं लागतं.

थोडक्यात

- नागरी विमानाच्या अपघाताची चौकशी केंद्र सरकारचा विमान अपघात तपास ब्युरो (एएआयबी) करतो. विमान कोणत्या राज्यात पडलं, यानं त्यात फरक पडत नाही.
- या चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा असतो. ती शिक्षा देत नाही आणि भरपाईही ठरवत नाही.
- माणसं वाचवणं सगळ्यात आधी. त्याखेरीज अवशेषांना हात लावायचा नाही.
- प्राथमिक अहवाल ३० दिवसांत आणि अंतिम अहवाल शक्यतो १२ महिन्यांत यावा, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे.
- लष्करी विमानांसाठी वेगळी पद्धत आहे.

'अपघात' कशाला म्हणतात?

बातमीत आपण सगळ्यालाच अपघात म्हणतो. मध्य प्रदेशातली हिंदी वर्तमानपत्रं 'हादसा' किंवा 'दुर्घटना' म्हणतात. नियमांत मात्र तीन वेगवेगळे शब्द आहेत : अपघात, गंभीर घटना आणि घटना. पुढची चौकशी कोणी करायची हे या शब्दावर ठरतं.

उड्डाणाच्या हेतूनं पहिला माणूस विमानात चढला तिथपासून शेवटचा माणूस उतरेपर्यंतच्या काळात कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणी गंभीर जखमी झालं, तर तो अपघात. विमानाच्या सांगाड्याचं मोठी दुरुस्ती लागेल इतकं नुकसान झालं, विमान बेपत्ता झालं किंवा जिथे पोहोचताच येत नाही अशा जागी पडलं, तरी तो अपघातच. त्यामुळे उभ्या विमानाची साफसफाई करताना कामगार पडला, तर तो नियमाच्या भाषेत विमान अपघात होत नाही. उतरताना चाक मोडून पंख जमिनीला घासला आणि सगळे सुखरूप उतरले, तरी तो अपघात ठरू शकतो.

'गंभीर जखमी' याचीही व्याख्या आहे. जखम झाल्यापासून सात दिवसांच्या आत सुरू होऊन ४८ तासांहून जास्त काळ दवाखान्यात राहावं लागलं, तर ती गंभीर जखम. हाड मोडलं तरी तेच. बोटांची किंवा नाकाची साधी मोड त्यातून वगळली आहे. अपघातानंतर ३० दिवसांच्या आत त्या जखमेनं मृत्यू झाला, तर तो अपघातातला मृत्यू म्हणून मोजतात. आकडे पहिल्या दिवशी एक आणि महिन्यानंतर दुसरेच दिसतात, ते बऱ्याचदा यामुळे.

अपघात होता होता टळला, उदाहरणार्थ दोन विमानं हवेत धोकादायक जवळ आली, तर ती 'गंभीर घटना'. पक्षी धडकणं, टायर फुटणं, यंत्रणेत बिघाड होऊन विमान परत फिरवावं लागणं अशा बाबी बहुधा 'घटना' या सदरात येतात.

खबर कोण देतं आणि कोणाला?

विमानाचा मुख्य वैमानिक, मालक, विमान चालवणारी कंपनी किंवा ते भाड्यानं घेणारा यांच्यावर खबर देण्याची जबाबदारी आहे. ती शक्य तितक्या लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए) आणि एएआयबी या दोघांना द्यायची. अपघात भारतात झाला असेल तर जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे आपले कलेक्टर, आणि सर्वांत जवळचं पोलिस ठाणं यांनाही कळवावं लागतं.

प्रत्यक्षात शहराबाहेरच्या अपघातात क्रम उलटा होतो. धूर गावकऱ्यांना दिसतो, ते पोलिसांना फोन करतात आणि मग खबर वर दिल्लीपर्यंत जाते. सामान्य माणसानं ११२ ला फोन करावा, जखमी असतील तर १०८ ला. सांगताना चार गोष्टी सांगितल्या तर पुष्कळ काम होतं : नेमकी जागा (गाव, शिवार, जवळचा रस्ता, नदी किंवा टेकडी), आग लागली आहे का, माणसं दिसतात का, आणि गाडी कुठपर्यंत येऊ शकते.

ही शेवटची माहिती किती मोलाची ठरते, हे बालाघाटात दिसलं. १८ मार्च २०२३ रोजी गोंदियाच्या बिरसीहून उडालेलं इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीचं प्रशिक्षण विमान बालाघाट जिल्ह्यातल्या लांजी-किरनापूर पट्ट्यात, भक्कूटोल्याच्या डोंगराळ जंगलात कोसळलं. प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी दोघांचाही मृत्यू झाला. उड्डाण महाराष्ट्रातून, अवशेष मध्य प्रदेशात आणि मधे जंगल. अशा ठिकाणी वाट दाखवणारा गावकरी हाच बचावपथकाचा पहिला आधार असतो.

त्याआधी २६ एप्रिल २०१७ रोजी गोंदियातल्याच दुसऱ्या एका प्रशिक्षण संस्थेचं विमान गोंदिया-बालाघाट सीमेवर वैनगंगेच्या पात्रात कोसळलं होतं. त्यातही प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी दगावले. नदीवर आडव्या ओढलेल्या तारेला विमान अडकल्याचं तेव्हा समोर आलं. अशी तार तिथे आहे, हे काठावरच्या प्रत्येक गावकऱ्याला ठाऊक असतं. चौकशीत स्थानिकांच्या सांगण्याला किंमत असते ती यासाठी.

गावात विमान पडलं तर काय करावं, काय करू नये

नियम साफ आहे : अधिकृत परवानगीशिवाय अवशेष हलवायचे नाहीत. अपवाद मोजकेच आहेत. आत अडकलेली माणसं किंवा जनावरं बाहेर काढणं, आग विझवणं किंवा पसरू न देणं, लोकांना होणारा धोका किंवा वाहतुकीतला अडथळा दूर करणं, एवढ्यासाठी लागेल तेवढंच हलवता येतं. सामान आणि टपाल काढायचं असेल तर तेही अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली.

लोक वाईट हेतूनं हात लावतात असं फारसं नसतं. कोणी पत्रा बाजूला ठेवतो, कोणी आठवण म्हणून तुकडा खिशात घालतो, कोणी कॉकपिटमध्ये वाकून व्हिडिओ काढताना एखादं बटण दाबतो. पण तपासणाऱ्याला त्या बटणाची जागाच पाहायची असते. इंधनाचा खटका चालू होता की बंद, पंखाच्या मागची फळी किती खाली होती, पंख्याची पाती कशी वाकली, पहिला तुकडा कुठे पडला आणि शेवटचा कुठे, यावरून शेवटची काही सेकंदं जुळवली जातात. पाती एका विशिष्ट तऱ्हेनं वाकली असतील तर धडकेच्या क्षणी इंजिन फिरत होतं, हे कळतं. तुकडा जागचा हलला की ही गोष्ट कायमची पुसली जाते.

जिवाचा धोकाही आहे. इंधन सांडलेलं असतं, म्हणून विडी-सिगारेट पेटवायची नाही. नव्या जमान्याची अनेक विमानं काचतंतू आणि कार्बनतंतूंची असतात. ती जळाल्यावर उडणारी बारीक धूळ फुप्फुसात जाते, तेव्हा वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहावं. काही छोट्या विमानांत स्फोटकानं उघडणारी पॅराशूट असते. लढाऊ विमानाच्या आसनाखाली तर स्फोटकच असतं. माणूस काढून झाला की मागे सरावं आणि दोरी बांधून गर्दी लांब ठेवावी.

पाहिलं असेल ते मात्र लिहून ठेवावं : किती वाजता, कोणत्या दिशेनं आलं, आवाज चालू होता की मधेच थांबला, धूर हवेतच दिसला की पडल्यावर. मोबाइलमध्ये व्हिडिओ असेल तर मूळ फाइल जपून ठेवा आणि पोलिसांना द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या प्रतीत वेळ आणि जागेची नोंद बहुतेकदा राहत नाही.

पोलिसांचं काम आणि राज्याची हद्द

पोलिस जागेला वेढा घालतात, पंचनामा करतात, मृतदेहांची ओळख आणि शवविच्छेदन करवून घेतात. महाराष्ट्रात 'आकस्मिक मृत्यू'ची नोंद होते. मध्य प्रदेशात तिलाच 'मर्ग कायम करना' म्हणतात. कुटुंब महाराष्ट्रातलं आणि अपघात मध्य प्रदेशात, असं झालं की कागद हिंदीत मिळतात. 'मर्ग' हा शब्द पाहून घाबरायचं कारण नाही. तो गुन्ह्याचा ठपका नसतो.

आणखी एक लक्षात ठेवा. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, राहत्या गावात नाही. बालाघाटात मृत्यू झाला तर दाखलाही तिथलाच. विमा, पेन्शन, वारसा या सगळ्याला तो लागतो, म्हणून परत निघण्याआधी निबंधकाचं कार्यालय, पोलिस ठाणं आणि दवाखाना या तिन्ही ठिकाणच्या नोंदींचे क्रमांक लिहून घ्यावेत. नाव आणि आडनाव आधार कार्डाप्रमाणेच लागलंय का, हे तिथल्या तिथे तपासावं.

चौकशी कोण करतं?

भारतात आज दोन संस्था आहेत. डीजीसीए नियम करते, परवाने देते आणि छोट्या 'घटनां'ची तपासणी करते. एएआयबी अपघात आणि गंभीर घटनांची चौकशी करते. २२५० किलोंहून जास्त वजनाचं किंवा जेट इंजिनाचं विमान असेल तर चौकशी एएआयबीकडेच जाते. त्याहून हलक्या विमानांचे अपघातही ब्युरो हाती घेऊ शकतो. प्रशिक्षणाची बहुतेक विमानं या हलक्या गटात मोडतात.

नियम करणाऱ्यानंच अपघात तपासला, तर स्वतःच्या नियमातली उणीव तो कशी दाखवणार? हा प्रश्न जुना आहे. आधी डीजीसीएच चौकशी करायची आणि मोठा अपघात असेल तर सरकार चौकशी न्यायालय नेमायचं. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन विमानं हवेत धडकली, ३४९ जण गेले. त्याची चौकशी न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांनी केली. ते मूळचे गुन्याचे, पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. त्या अपघातानंतर विमानात टक्कर टाळणारी इशारा यंत्रणा भारतात सक्तीची झाली. आज आपण बसतो त्या प्रत्येक प्रवासी विमानात ती आहे.

२२ मे २०१० ला मंगळूरला एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान धावपट्टीवरून घसरून दरीत गेलं आणि १५८ जणांचा मृत्यू झाला. त्या चौकशी न्यायालयाचे प्रमुख होते हवाई दलाचे माजी उपप्रमुख, निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले. चौकशीचं काम नियामकापासून वेगळं काढण्याच्या मागणीला त्यानंतर जोर आला आणि ३० जुलै २०१२ रोजी एएआयबी स्थापन झाली. सध्या तिचं काम २०१७ च्या चौकशी नियमांनुसार चालत आलं आहे, तर मूळ कायदा म्हणून १९३४ च्या विमान कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियमानं घेतली आहे. दोन्ही संस्था आजही एकाच नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहेत. ब्युरो पुरेसा स्वतंत्र आहे का, ही चर्चा त्यामुळे थांबलेली नाही.

अशा चौकशीत परदेशी माणसं का दिसतात, असाही प्रश्न येतो. शिकागो कराराच्या तेराव्या परिशिष्टानुसार विमान ज्या देशात नोंदलं, ज्या देशातल्या कंपनीनं चालवलं, जिथे त्याचा आराखडा झाला आणि जिथे ते बनलं, त्या देशांना प्रतिनिधी पाठवण्याचा हक्क आहे. चौकशीची सूत्रं मात्र अपघात झालेल्या देशाकडेच राहतात.

ब्लॅक बॉक्स आणि त्याच्या मर्यादा

ब्लॅक बॉक्स काळा नसतो. सापडायला सोपा जावा म्हणून भडक नारिंगी असतो. एकात विमानाची वेग, उंची, इंजिन अशी मोजमापं नोंदली जातात, निदान शेवटच्या २५ तासांची. दुसऱ्यात कॉकपिटमधले आवाज असतात; जुन्या यंत्रात शेवटची ३० मिनिटं, नंतरच्या यंत्रांत दोन तास. पाण्यात पडला तर त्यातून संकेत निघत राहतात.

पण छोट्या प्रशिक्षण विमानात ब्लॅक बॉक्स बहुधा नसतोच. तिथे उपकरणांतली मेमरी कार्डं, रडारची नोंद, नियंत्रण कक्षाशी झालेलं बोलणं, देखभालीच्या वह्या, इंधनाचे नमुने, हवामानाची नोंद आणि प्रत्यक्षदर्शी यांवरच भर असतो. म्हणजे विमान जितकं लहान, तितका गावकऱ्याच्या जबानीला भाव जास्त.

कॉकपिटमधलं बोलणं पूर्ण का प्रसिद्ध करत नाहीत? अपघाताच्या कारणाशी संबंध असेल तेवढाच भाग अहवालात घ्यायचा, असा नियम आहे. साक्षीदारांच्या जबान्या आणि वैद्यकीय माहितीलाही संरक्षण आहे. आपलं म्हणणं आपल्याच विरोधात वापरलं जाणार, असं वाटलं तर पुढच्या वेळी कोणी खरं बोलणार नाही, हे त्यामागचं कारण.

अहवाल कधी येतो, कसा वाचायचा?

प्राथमिक अहवाल अपघातानंतर ३० दिवसांत अपेक्षित असतो. अंतिम अहवाल १२ महिन्यांत शक्य झाला नाही, तर दर वर्षी त्या तारखेला काम कुठवर आलं याचं निवेदन द्यावं लागतं.

प्राथमिक अहवालात निष्कर्ष नसतो. १२ जून २०२५ च्या अहमदाबाद अपघातात विमानातल्या २४२ पैकी २४१ आणि जमिनीवरचे १९, असे २६० जण गेले. १२ जुलैला प्राथमिक अहवाल आला. उड्डाणानंतर काही सेकंदांतच दोन्ही इंजिनांचे इंधन खटके बंद स्थितीत गेल्याची नोंद त्यात होती. एका वैमानिकानं दुसऱ्याला खटका का बंद केला असं विचारलं आणि दुसऱ्यानं आपण केला नाही असं सांगितलं, हेही होतं. कोण काय बोललं, हे मात्र नव्हतं. तरीही त्या एका परिच्छेदावरून देश-विदेशात निकाल लागले. मुख्य वैमानिकाचे वृद्ध वडील सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा न्यायालयालाही सांगावं लागलं की या अपघाताचा दोष वैमानिकावर कोणी टाकू शकत नाही. प्राथमिक अहवाल म्हणजे हाती आलेल्या नोंदींची यादी, हे सगळ्यांनी लक्षात घ्यायला हवं.

अंतिम अहवाल ब्युरोच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. तो इंग्रजीत आणि जाडजूड असतो, पण त्याचे चारच भाग असतात : वस्तुस्थिती, विश्लेषण, निष्कर्ष आणि शिफारशी. वेळ कमी असेल तर शेवटचे दोन भाग आधी वाचा. निष्कर्षात 'संभाव्य कारण' आणि 'हातभार लावणारे घटक' असे दोन मथळे असतात. बातमी पहिल्यावर होते. शिकण्यासारखं बरंचसं दुसऱ्यात असतं.

दोषी कोण, आणि कारण काय

मराठी वाचकाला आठवणारी दोन उदाहरणं पाहू.

२६ एप्रिल १९९३, औरंगाबाद, चिकलठाणा. इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ उडताना धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठी नेणाऱ्या ट्रकला धडकलं, पुढे विजेच्या तारांना लागून कोसळलं. ११८ पैकी ५५ जण गेले. वैमानिकांनी विमानाचं नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीनं उचललं, हे चौकशीत निघालं. पण अहवाल तिथे थांबला नाही. उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक रोखण्याची व्यवस्था विमानतळ प्राधिकरणानं केली नव्हती, हेही कारणांत नोंदलं गेलं. वैमानिकालाच दोषी ठरवून फाइल बंद झाली असती, तर रस्ता तसाच वाहत राहिला असता.

७ ऑगस्ट २०२०, कोझिकोड. दुबईहून आलेलं विमान पावसात धावपट्टीच्या निम्म्याजवळ टेकलं आणि टेबलटॉपवरून खाली गेलं. २१ जण गेले, त्यात मुख्य वैमानिक कॅप्टन दीपक साठे होते. हवाई दलातले गुणवंत अधिकारी, आईवडील नागपुरात. साऱ्या महाराष्ट्रानं हळहळ व्यक्त केली. वर्षभरानं आलेल्या एएआयबीच्या अहवालात कार्यपद्धती न पाळल्याचं संभाव्य कारण दिलं होतं. पुष्कळांना ते झोंबलं. त्याच अहवालात कॅप्टनच्या बाजूचा वायपर नीट चालला नसल्याचं, त्या तळावर कॅप्टन पुरेसे नसल्याचं, दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण त्यांच्याच नावावर असल्याचं आणि व्यवस्थेतल्या त्रुटींचा वाटा असल्याचंही लिहिलं आहे. चांगल्या माणसाच्या हातूनही चूक होते, ती कोणत्या दबावाखाली झाली हे शोधणं हेच या चौकशीचं काम. साठे यांचं मोठेपण त्यानं कमी होत नाही.

शिक्षा, वसुली आणि चौकशी या वाटा कशा वेगळ्या चालतात, ते मध्य प्रदेशानं जवळून पाहिलं. ६ मे २०२१ ला, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, रेमडेसिविरची खोकी घेऊन निघालेलं राज्य सरकारचं किंग एअर विमान ग्वाल्हेरला उतरताना धावपट्टीवरच्या अडथळा-जाळीला लागून मोडलं, वैमानिक बचावले. चौकशी एएआयबीकडे गेली. वैमानिकाचा परवाना डीजीसीएनं निलंबित केला. राज्य सरकारनं सुमारे ८५ कोटींच्या वसुलीची नोटीस काढली. वैमानिकाचं म्हणणं होतं, जाळी उभी आहे हे आपल्याला सांगितलंच नव्हतं. अपघात एक, पण दारं तीन, आणि प्रत्येक दाराचा कायदा निराळा.

लष्करी विमान असेल तर

एएआयबीचा तिथे संबंध नाही. हवाई दल, नौदल किंवा लष्कर आपली 'कोर्ट ऑफ इन्क्वायरी' नेमतं आणि तिचा अहवाल सहसा जाहीर होत नाही. २८ जानेवारी २०२३ ला ग्वाल्हेरहून उडालेली सुखोई-३० आणि मिराज २००० ही लढाऊ विमानं सरावात कोसळली. अवशेष मुरैना जिल्ह्यातल्या पहाडगढ भागात आणि राजस्थानच्या भरतपुरात पडले. मिराजचे वैमानिक वीरगतीला गेले. ते बेळगावचे होते. अशा वेळी कुटुंबाचा पत्रव्यवहार थेट दलाशी होतो. जागेवर मात्र नियम तोच : दूर राहा, हात लावू नका.

भरपाईचा मार्ग वेगळा

प्रवाशाच्या मृत्यूची किंवा जखमेची भरपाई १९७२ च्या हवाई वाहतूक कायद्याखाली मागता येते. आंतरराष्ट्रीय प्रवासाला मॉन्ट्रियल करार लागू होतो. भारत त्यात २००९ पासून आहे. दाव्याची मुदत दोन वर्षांची. एएआयबीच्या अंतिम अहवालाची वाट पाहत बसलं तर ही मुदत हातची जाऊ शकते, तेव्हा वकिलाचा सल्ला आधीच घ्यावा. 'पूर्ण आणि अंतिम' असं लिहिलेल्या कागदावर घाईनं सही करू नये.

जमिनीवरच्या माणसाला हा प्रवासी कायदा लागू नाही. २८ जून २०१८ ला घाटकोपरच्या जागृती नगरात छोटं विमान पडलं, त्यात विमानातले चौघे आणि रस्त्यावरची एक व्यक्ती गेली. तशा प्रसंगी दिवाणी दावा, विमानमालकाचा विमा आणि सरकारी मदत हे मार्ग उरतात. शेताचं किंवा घराचं नुकसान झालं असेल तर तलाठी किंवा पटवाऱ्याकडून पंचनामा त्याच दिवशी करून घ्या.

छोटी खबर मोठा अपघात टाळते

मोठ्या अपघाताआधी बहुधा छोट्या घटना घडून गेलेल्या असतात. ३० मे २०२३ ला सांबऱ्याहून उडालेलं रेडबर्ड संस्थेचं प्रशिक्षण विमान बेळगावजवळ होन्निहाळच्या शेतात उतरवावं लागलं. त्याच संस्थेची दोन विमानं ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ एकाच आठवड्यात पडली. सहा महिन्यांतल्या अशा पाच घटना एकत्र मांडल्यावर डीजीसीएनं संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं. एकेक घटना सुटी पाहिली असती तर हा धागा दिसला नसता.

यात आपलाही वाटा आहे. विमानतळाच्या दहा किलोमीटरच्या परिघात उघड्यावर जनावरं कापणं किंवा पक्षी जमतील असा कचरा टाकणं नियमानं बंद आहे, कारण घारी आणि गिधाडं इंजिनात जातात. उतरत्या विमानावर लेझर मारणं, विमानतळाजवळ परवानगीविना ड्रोन उडवणं हेही तसंच. असं काही दिसलं तर विमानतळाला किंवा पोलिसांना कळवा.

राहिली गोष्ट मेसेजची. पुढच्या वेळी 'चूक कोणाची' हे सांगणारा मेसेज आला, तर तो पुढे पाठवण्याआधी तारीख पाहा. अपघाताला ३० दिवस झाले नसतील, तर पाठवणाऱ्याला ते माहीत असण्याची शक्यता फारच कमी. त्या वैमानिकाचं घर नागपुरात, बेळगावात किंवा आपल्याच गल्लीत असू शकतं.